फुप्फुसातील लहान, स्थिर नोड्यूल : अहवाल हाती आल्यानंतर



आपल्यापैकी काहीजण आज येथे तपासणीसाठी आले आहेत, काहीजण कुणाच्या सोबतीला आले आहेत, आणि काहींच्या मांडीवर सीटी स्कॅनचा तो मोठा लिफाफा आहे. लिफाफ्यातील अहवाल इंग्रजीत असतो. घरातील कोणीतरी तो मोबाइलवर भाषांतरित करून पाहतो आणि 'नोड्यूल' या शब्दासमोर 'गाठ' असा अर्थ येतो. शरीराच्या संदर्भात 'गाठ' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या मनात एकच रोग येतो. त्यानंतर अहवालातील पुढचे वाक्य कोणी वाचत नाही. धीर देणारी माहिती मात्र पुष्कळदा त्या पुढच्याच वाक्यात असते. म्हणून या भाषणात मी 'गाठ' हा शब्द टाळणार आहे आणि 'नोड्यूल' हाच शब्द वापरणार आहे. तो परका वाटला तरी त्याच्यासोबत भीती चिकटलेली नाही.

मी परिचर्या शास्त्राची पदवीधर आहे. रुग्णालयाच्या वॉर्डात काही वर्षे काम केल्यावर आता आरोग्यविषयक लेखन करते. आपल्या अहवालाचा अर्थ आपल्या डॉक्टरांनीच सांगायचा आहे. ते काम हे पत्रक करू शकत नाही. डॉक्टरांच्या खोलीत जाण्यापूर्वी काय विचारावे आणि बाहेर आल्यावर काय करावे, एवढेच मी सांगू शकते.

फुप्फुसाच्या चित्रात दिसणारा, साधारणपणे गोलसर आणि ३० मिलिमीटरपर्यंतचा ठिपका म्हणजे नोड्यूल. त्याहून मोठा असेल तर त्याला वेगळे नाव दिले जाते आणि त्याची तपासणीही वेगळ्या निकडीने होते. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे त्या नाण्याएवढ्या डागापासून मोहरीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यापर्यंत सर्वांना अहवालात एकच शब्द आहे. म्हणून पहिला प्रश्न 'नोड्यूल आहे का?' हा नसून 'किती मिलिमीटरचा आहे?' हा आहे. मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरचा, मूग चार-पाचचा, हरभरा आठ-दहाचा. आज मी ज्यांच्याविषयी बोलत आहे ते नोड्यूल बहुतांशी मुगाएवढे किंवा त्याहून लहान असतात. येथे आकाराचा हिशेब थोडा फसवा असतो. ६ मिलिमीटरचा नोड्यूल ३० मिलिमीटरच्या डागाच्या एकपंचमांश रुंद असतो, पण त्यात मावणारे ऊतक मात्र १२५ पटींनी कमी असते.

असे ठिपके पूर्वीही असत, फक्त ते दिसत नसत. साध्या एक्स-रेमध्ये आठ-दहा मिलिमीटरपेक्षा लहान नोड्यूल सहसा ओळखू येत नाही; फासळ्या, हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या सावल्यांत तो हरवतो. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, तो मेंदूचा होता. आजची यंत्रे छातीचे एकेक मिलिमीटर जाडीचे काप दाखवतात. त्यात दोन-तीन मिलिमीटरचे ठिपकेही स्पष्ट दिसतात. मग कोविडची साथ आली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ज्यांनी आयुष्यात कधी सीटी यंत्र पाहिले नव्हते अशा असंख्य लोकांच्या छातीचे स्कॅन झाले. न्यूमोनिया शोधताना नोड्यूल सापडले. अपघातानंतर, हृदयाच्या तपासणीत, मूतखड्याच्या तपासणीत आजही ते असेच, दुसरे काही शोधताना सापडतात.

ते किती सामान्य आहेत याची कल्पना यावी म्हणून अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे उदाहरण देते. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ५५ ते ७४ वयाचे, दीर्घकाळ आणि भरपूर धूम्रपान केलेले ५३ हजारांहून अधिक लोक तिच्यात होते. त्यांपैकी निम्म्यांची कमी किरणमात्रेच्या सीटी स्कॅनने तपासणी झाली. दर चार तपासण्यांमागे जवळजवळ एकीत ४ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा नोड्यूल अथवा तशीच दखल घेण्याजोगी गोष्ट दिसली. अशा प्रत्येक शंभर नोंदींपैकी सुमारे ९६ नोंदींत कर्करोग नव्हता. हे सर्व जास्त धोक्यातील लोक होते, हे ध्यानात घ्यावे. त्याच चाचणीत सीटी तपासणी झालेल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले, हेही सांगायला हवे. धोक्यातील माणसाची तपासणी व्यर्थ नसते. मात्र तिच्यात दिसणारा बहुतेक प्रत्येक ठिपका निरुपद्रवी असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मग हे ठिपके असतात तरी काय?

आपल्या देशात पहिला विचार क्षयाच्या जुन्या खुणेचा करावा लागतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षयाचे जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात, तेव्हा शरीर त्यांच्याभोवती पेशींचे कुंपण घालते. बहुसंख्य लोकांत लढाई तिथेच संपते. माणूस आजारी पडत नाही आणि त्याला काही कळतही नाही. मागे उरतो तो एक लहानसा व्रण, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. कालांतराने त्यात चुना साचतो आणि स्कॅनमध्ये तो हाडासारखा पांढरा दिसतो. अहवालात 'कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा' असे शब्द असतील, तर बहुधा आपल्या शरीराने कधीतरी जिंकलेल्या लढाईची ती खूण आहे. गुडघ्यावर लहानपणी पडल्याचा व्रण असतो, तसाच हा. मात्र चुना कसा साचला आहे यालाही महत्त्व असते. पूर्ण ठिपक्यात, मध्यभागी किंवा थरांथरांनी साचलेला चुना निर्धास्त करणारा असतो; कडेला थोडासा साचलेला तितका नसतो.

काही नोड्यूल हे फुप्फुसाच्या आतील छोटे लसिकापिंड असतात. फुप्फुसाच्या दोन खंडांमधील पडद्याला टेकून बसलेले, चपटे किंवा तिकोनी असे ते दिसतात आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टला सहज ओळखू येतात. काही हॅमार्टोमा असतात, म्हणजे फुप्फुसातीलच ऊतकांची, चरबीची आणि कुर्चेची, जरा अव्यवस्थित झालेली वाढ. ती कर्करोग नव्हे. जुन्या न्यूमोनियाचे व्रण असतात, बुरशीच्या संसर्गाच्या खुणा असतात, संधिवाताच्या काही रुग्णांत त्या रोगाचेच नोड्यूल असतात. दगडाच्या धुळीत काम केलेल्यांची गोष्ट निराळी. मंदसौरकडील पाटीपेन्सिलीचे कारखाने, खंभातमधील अकीक घासण्याची घरे, राजस्थानातील वालुकाश्माच्या खाणी, येथे राबलेल्या माणसांच्या फुप्फुसात सिलिकाच्या धुळीने असंख्य बारीक नोड्यूल तयार होतात. आपण असे काम केले असेल, मग ते वीस वर्षांपूर्वी का असेना, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. डॉक्टर पुष्कळदा विचारीत नाहीत, हे मी वॉर्डात पाहिले आहे.

आणि काही थोडे नोड्यूल कर्करोगाचे असतात. हे लपवून धीर देणे मला योग्य वाटत नाही. ६ मिलिमीटरहून लहान घन नोड्यूल कर्करोगाचा असण्याची शक्यता धूम्रपान करणाऱ्यांतही शंभरात एकाहून कमी असते. सहा ते आठ मिलिमीटरमध्ये ती शंभरात एक-दोनच्या आसपास जाते. त्यापुढे आकाराबरोबर ती वाढत जाते. वय, धूम्रपान, घरातील कोणाला फुप्फुसाचा कर्करोग, स्वतःला पूर्वी झालेला कोणताही कर्करोग, नोड्यूलची काटेरी कडा, फुप्फुसाच्या वरच्या खंडातील जागा, या गोष्टी शक्यता वाढवतात.

आता माझ्या घरातील गोष्ट सांगते. २०२१ च्या उन्हाळ्यात आईला कोविड झाला. स्कॅनमध्ये न्यूमोनिया किरकोळ निघाला, पण उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ५ मिलिमीटरचा नोड्यूल आहे असे खाली एका ओळीत लिहिले होते. आईने ती ओळ वाचून घेतली आणि म्हणाली, "तू नर्स आहेस ना, मग मला खरं काय ते सांग." मला खरे माहीत होते, ते मी रुग्णांच्या नातेवाइकांना अनेकदा समजावूनही सांगितले होते. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. दादाने मुदत ठेव मोडायची तयारी केली. आम्ही गेलो त्या एका ठिकाणी लगेच पेट स्कॅन आणि त्यानंतर सुईने तुकडा काढण्याचा सल्ला मिळाला. आम्ही होकार देण्याच्या बेतात होतो.

मग छातीच्या एका तज्ज्ञांनी विचारले, "यापूर्वी कधी पोटाचा सीटी झाला होता का?" पोटाचा कशासाठी, असे मला वाटले. २०१८ मध्ये आईला मूतखड्याचा त्रास झाला होता. पोटाच्या स्कॅनमध्ये वरच्या कापांत फुप्फुसांचा तळ येतोच, ही गोष्ट शिकूनही मी विसरले होते. ट्रंकेतून ती सीडी निघाली. तीन वर्षांपूर्वीही तो ठिपका तिथेच होता, तेवढाच होता. त्यावेळी मूतखडा शोधणाऱ्यांनी त्याची नोंद केली नव्हती, इतकेच. डॉक्टरांनी दोन्ही चित्रे शेजारी लावून आईला दाखवली आणि पुढे काही करायची गरज नाही असे सांगितले. सुई टोचली गेली नाही, ठेवही मोडली नाही.

म्हणून माझी पहिली विनंती हीच आहे की जुनी चित्रे शोधा. अहवालाचा कागद पुरेसा नाही. फिल्म किंवा सीडी हवी. छातीचा, पोटाचा, मानेचा, कोणताही जुना सीटी चालतो. ज्या केंद्रात तो झाला तेथे विचारले तर संगणकात तो अजून जपलेला असू शकतो. आता आभा क्रमांकाशी आपले अहवाल जोडून ठेवण्याची सोय आहे, तिचाही उपयोग करावा. काम वा लग्नामुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या कुटुंबांनी तर हे कागद भांड्यांच्या खोक्यात न टाकता घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावेत.

'स्थिर' या शब्दाचा अर्थ या उदाहरणावरून लक्षात येईल. स्थिर म्हणजे दोन वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांत नोड्यूलचा आकार आणि रूप बदललेले नाही. एकाच स्कॅनवरून कोणीही त्याला स्थिर म्हणू शकत नाही. अहवालात 'नो इंटरव्हल चेंज' किंवा 'स्टेबल' असे लिहिलेले असते, ते याच अर्थाने. काळ ही यातील मुख्य तपासणी आहे आणि तिला पर्याय नाही.

हे कसे, ते थोडे सविस्तर सांगते, कारण 'थांबा आणि पुन्हा तपासा' हा सल्ला लोकांना सर्वांत जास्त खटकतो. कर्करोगाच्या पेशी दुपटीने वाढतात. फुप्फुसाच्या घन कर्करोगाला आकारमानाने दुप्पट व्हायला बहुधा एक महिना ते सुमारे ४०० दिवस लागतात. संसर्गाची सूज याहून झपाट्याने वाढते किंवा ओसरते. जुना व्रण वर्षानुवर्षे तसाच राहतो. आता गोळा आकारमानाने दुप्पट झाला म्हणजे रुंदीने दुप्पट होत नाही. ५ मिलिमीटरचा नोड्यूल दुप्पट झाला तर तो फक्त ६.३ मिलिमीटर रुंद होतो. एवढासा फरक पंधरा दिवसांनी मोजायला गेलो तर हाती काहीच लागणार नाही. श्वास थोडा कमी-जास्त घेतला, काप थोडा वर-खाली आला, दुसऱ्या व्यक्तीने मोजले, एवढ्यानेही एक-दीड मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून '५ चा ६ झाला' हे वाचून घाबरू नये. तज्ज्ञ साधारणपणे दोन मिलिमीटरचा फरक पडल्यावर वाढ मानतात. उलट, सावकाश वाढणाऱ्या कर्करोगालाही दोन वर्षांत लपून राहणे कठीण असते. ४०० दिवसांत दुप्पट होणारा ५ मिलिमीटरचा नोड्यूल दोन वर्षांत साडेसात मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि हा फरक स्पष्ट दिसतो. दोन वर्षे न बदललेला घन नोड्यूल निर्धोक मानतात तो या हिशेबाने.

डॉक्टर पुढच्या तपासणीची तारीख देतात तेव्हा ते आपल्याला टाळत नसतात. फरक असेल तर दिसावा इतका लांब आणि असलाच रोग तर हाताबाहेर जाऊ नये इतका जवळ, असा तो दिवस निवडलेला असतो. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये यासाठी सुधारित मार्गदर्शन दिले. आपल्या अहवालाच्या तळाशीही हे नाव आढळू शकते. त्यानुसार धोका कमी असलेल्या व्यक्तीच्या ६ मिलिमीटरहून लहान घन नोड्यूलसाठी पुन्हा स्कॅनची नेहमी गरज नसते. धोका जास्त असेल तर एका वर्षाने एकदा पाहता येते. सहा ते आठ मिलिमीटरसाठी सहा ते बारा महिन्यांनी स्कॅन, आणि धोक्यानुसार दीड-दोन वर्षांनी आणखी एक. आठच्या पुढे मात्र तीन महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन किंवा तुकडा तपासणे, यांपैकी काय करायचे ते तज्ज्ञ ठरवतात. हे मार्गदर्शन ३५ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही. ज्यांना पूर्वी कर्करोग झाला आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती एचआयव्हीमुळे, अवयव प्रत्यारोपणामुळे किंवा दीर्घकाळच्या औषधांमुळे कमी झाली आहे, त्यांच्यासाठीही नाही. शेजारच्या काकूंना 'वर्षभर काही करू नका' असे सांगितले म्हणून आपल्यालाही तेच लागू होईल असे समजू नये.

आणखी एक भेद आहे. काही नोड्यूल घन नसतात. धुके पसरलेल्या काचेसारखे अंधुक दिसतात. अहवालात त्यांना 'ग्राउंड ग्लास' म्हणतात. यांतील बरेचसे संसर्गाचे असतात आणि काही महिन्यांत नाहीसे होतात. जे उरतात त्यांतील कर्करोग फार संथ वाढतो. त्यामुळे तेथे दोन वर्षांचा हिशेब पुरत नाही, पाच वर्षे पाहावे लागते. पाच वर्षे म्हटल्यावर लोकांचा चेहरा उतरतो, पण हा कालावधी रोग गंभीर म्हणून लांब नसतो, तो संथ असतो म्हणून लांब असतो. अंधुक डागाच्या आत घन भागही दिसत असेल तर मात्र तपासणी लवकर, तीन ते सहा महिन्यांत, करतात.

आता दुसऱ्या बाजूची चूक सांगते, कारण घाबरून घाई करणे जितके वाईट तितकेच निश्चिंत होऊन विसरणेही वाईट. माझ्या वॉर्डात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले होते. चाळीस वर्षे बिडी ओढत होते. त्यांच्या डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरचा, काटेरी कडेचा नोड्यूल एका स्कॅनमध्ये दिसला होता. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा असे अहवालात लिहिले होते. गावाजवळ कोणीतरी, थुंकीची तपासणी न करताच, क्षय असावा म्हणून गोळ्या सुरू केल्या. औषध चालू आहे म्हणजे उपचार होतो आहे, असे घरच्यांना वाटले. पेरणी होती, मग काढणी. ते आमच्याकडे दहा महिन्यांनी आले, तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. छातीत स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसेपर्यंत रोग पोहोचला होता. त्यांच्या मुलाने मला विचारले, "सिस्टर, कागदावर तर छोटा डाग लिहिलं होतं ना?" डाग छोटा होता, पण इतकाही छोटा नव्हता, आणि तो स्थिर आहे की नाही हे कोणी पाहिलेच नव्हते.

क्षय आपल्याकडे इतका आहे की छातीतील प्रत्येक डागाला क्षय म्हणण्याची सवय लागते. क्षयाचे निदान जंतू सापडून व्हायला हवे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली शासकीय केंद्रांत थुंकीची आधुनिक आण्विक तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. चुना साचलेल्या जुन्या, शांत व्रणाला क्षयाच्या गोळ्यांची गरज नसते. त्या गोळ्या यकृताला त्रास देऊ शकतात. आणि खरा क्षय असेल तर त्या अर्धवट सोडणे अधिक घातक. म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी 'कोणत्या तपासणीवरून क्षय ठरला?' हा प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारावा. पेट स्कॅनच्या बाबतीतही आपल्या देशात हीच अडचण येते. सक्रिय क्षय त्यात कर्करोगासारखाच चमकतो, आणि आठ मिलिमीटरहून लहान नोड्यूलबद्दल पेट स्कॅन फारसे विश्वासार्ह काही सांगत नाही. सुईने तुकडा काढताना फुप्फुसाभोवती हवा साठणे किंवा रक्तस्राव होणे असे धोके असतात. मुगाएवढ्या नोड्यूलमध्ये सुई नेमकी पोहोचणेही कठीण. जेथे गरज असते तेथे हा धोका पत्करणे योग्यच, पण केवळ मनाची रुखरुख घालवण्यासाठी तो पत्करू नये. रक्तातील 'ट्यूमर मार्कर' तपासून लहान नोड्यूलचा उलगडा होत नाही. त्या पैशांत पुढच्या सीटीची तजवीज करावी. व्रण विरघळवणारा काढा किंवा चूर्ण अस्तित्वात नाही. जो डाग मुळातच निरुपद्रवी होता तो वर्षाने तसाच राहिला की श्रेय काढ्याला मिळते, एवढेच.

पुढची तपासणी एक्स-रेने करून घेण्याची चूकही फार होते. एक्स-रे स्वस्त असतो, लगेच होतो, आणि 'सर्व ठीक' असा अहवाल येतो. ५ मिलिमीटरचा नोड्यूल त्यात दिसणारच नव्हता. तपासणी सीटीनेच व्हावी, शक्य तर त्याच केंद्रात, कमी किरणमात्रेची आणि पातळ कापांची. यासाठी बहुधा शिरेतून रंगद्रव्य देण्याचीही गरज नसते. किरणांची भीती वाटत असेल तर प्रमाण लक्षात घ्यावे. छातीच्या कमी मात्रेच्या सीटीत साधारण दीड मिलिसिव्हर्ट किरणे मिळतात. जमीन, आकाश आणि अन्न यांतून जगातील प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे एका स्कॅनमागे निसर्गातील सात-आठ महिन्यांची भर पडते. ठरलेल्या तपासणीसाठी ती योग्य आहे, दर महिन्याला मनाच्या समाधानासाठी नव्हे. गर्भवती असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास तपासणीपूर्वी अवश्य सांगावे.

अहवालातील एक वाक्य लोकांना विनाकारण भेडसावते. 'क्लिनिकल कोरिलेशन' असा शब्दप्रयोग शेवटी असतो आणि पुष्कळांना ती काहीतरी लपवाछपवी वाटते. त्याचा अर्थ इतकाच की चित्र पाहणाऱ्या डॉक्टरांनी आपल्याला पाहिलेले नाही; आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी चित्र आणि माणूस यांची सांगड घालावी. 'सबसेंटिमेट्रिक' म्हणजे १० मिलिमीटरहून लहान. अनेक नोड्यूल असतील तर 'मल्टिपल' असे लिहितात. अनेक आहेत म्हणून ते आपोआप अधिक धोक्याचे ठरत नाहीत. त्यांतील सर्वांत संशयास्पद असलेल्यावरून पुढचा निर्णय होतो.

ठरलेली तारीख यायची आहे म्हणून शरीराकडे दुर्लक्ष करू नये. थुंकीतून रक्त येणे, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, कारण नसताना घटणारे वजन, बसलेला आवाज, वाढत जाणारा दम किंवा छातीत सतत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जावे. लहान नोड्यूल स्वतःहून सहसा कोणताही त्रास देत नाही. त्यामुळे अशी लक्षणे असतील तर त्यांचे कारण वेगळे शोधावे लागते.

बिडी, सिगारेट, हुक्का सोडण्याला मात्र कोणतीही तारीख ठरवू नये. नोड्यूल निर्धोक निघाला तरी तो ज्या फुप्फुसात आहे ते फुप्फुस धूर घेतच असते. चुलीच्या धुराचीही गणना त्यातच करावी. ज्या माउलीने कधी बिडीला हात लावला नाही तिच्याही फुप्फुसात तीस वर्षांचा लाकडांचा धूर असतो. घरात गॅस असूनही पाणी तापवायला चूल पेटत असेल तर ती निदान उघड्यावर न्यावी.

वाट पाहण्याच्या काळात झोप उडणे, सतत छातीकडे लक्ष जाणे, घरच्यांवर चिडणे हे घडते. मला स्वतःला घडले आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. घरच्यांनीही रुग्णासमोर 'काही नाही गं तुला' असे म्हणून विषय संपवू नये. किती मिलिमीटर, घन की अंधुक, पुढची तारीख कोणती, या तीन गोष्टी एका कागदावर मराठीत लिहाव्यात आणि तो कागद दिनदर्शिकेच्या त्या महिन्याच्या पानाला टाचावा. ज्येष्ठ व्यक्तीच्या तपासणीची जबाबदारी घरातील एका माणसाने नावानिशी घ्यावी. सर्वांनी मिळून घेतलेली जबाबदारी सणावारात विसरली जाते.

क्षयाविषयी शंका असल्यास निक्षय संपर्क सेवेचा क्रमांक १८००-११-६६६६ असा आहे. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ येथे बोलता येईल. मनावरचा ताण असह्य होत असेल तर टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. हे तिन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. ज्यांनी आज आपला लिफाफा सोबत आणला आहे त्यांनी तो तपासणीच्या टेबलावर देताना त्याच्यासोबत जुनी फिल्म किंवा सीडीही द्यावी. ती घरी राहिली असेल तर पुढच्या भेटीत न विसरता आणावी.